दोघींची पोटदुखी

अंधेरी,
ता. ८ जुलै १९५५

प्रिय उत्तरे,

कार्ड न पाठवता पाकीट पाठवतेय, त्यावरून ओळख की मजकूर पोस्टमनच्या उपयोगाचा नाही. पाकिटावर 'खाजगी' असं मुद्दामच लिहिलेलं नाही. मागच्या खेपेला लिहिलं तर तुझ्या विद्याधररावांनी तेच सगळ्यांत आधी फोडलं, असं तूच कळवलं होतंस.

काल माझा दुसरा दिवस होता. चौथीच्या वर्गावर भूगोल चालू होता आणि मी टेबलाची कड धरून उभी. पोरींना नद्यांची नावं मोठ्यानं म्हणायला लावली, म्हणजे मला तोंड उघडायला नको. त्या कावेरीपर्यंत पोचेस्तोवर मी बाहेर जाऊन ओकून परत आले होते. घरी आले तर सुगंधावहिनी म्हणाल्या, "आलीस का? कणीक तेवढी मळून टाक."

आमच्याकडे विटाळ मानत नाहीत. बाळदादा सुधारक. लग्न झाल्या झाल्या त्यानं वहिनींना सांगून टाकलं की या घरात कुणी बाहेर बसायचं नाही. खरं सांगायचं तर दोन खोल्यांत बाहेर बसायला 'बाहेर' आहेच कुठे? तेव्हा मी सुधारलेली बाई आहे, आणि सुधारलेल्या बाईनं ओटीपोटात कळा येत असताना अठरा पोळ्या लाटायच्या असतात.

आणि तू बघ. मुलुंडला मागच्या अंगणाकडे वेगळी खोली. खिडकीबाहेर शेवगा. तीन दिवस ताट दारात येतं, आणि तुला शिवायचं नाही म्हणून कुणी काम सांगत नाही. आपल्या दोघींच्या आया सख्ख्या बहिणी. ही पोटदुखी आपल्याला त्यांच्याकडूनच आली असणार, पण खोली फक्त तुला मिळाली. मला तुझ्या नवऱ्याचा हेवा वाटत नाही. तुझ्या दागिन्यांचाही नाही, पाटल्या सोडून. त्या खोलीचा मात्र वाटतो. माझ्या पोटात दुखतं ते दोन्ही अर्थांनी दुखतं, हे तुला लिहून कळवते.

तुझ्या सासूबाईंच्या भाच्याचं, मार्तंडाचं, काय ठरलं? मला पाहून गेल्याला महिना झाला. दोन बश्या पोहे खाल्ले माणसानं, तेव्हा नापसंत तरी नसावी.

तुझ्यापेक्षा सहा महिन्यांनी मोठी, हे विसरू नकोस,
क्षमा

*

मुलुंड,
ता. १७ जुलै १९५५

प्रिय क्षमे,

खोली हवी तर घेऊन जा. सोबत टोचणारी घोंगडीपण देते.

तुला वाटतं मी आत पाय पसरून शेवगा बघत असते. मी पदराचा बोळा तोंडात धरून भिंतीकडे वळलेली असते. सासूबाई सोड्याच्या बाटलीत कढत पाणी भरून, फडक्यात गुंडाळून, काठीनं आत ढकलतात. त्यांच्या मनात माया आहे, हातात काठी आहे. हे पुढच्या खोलीत वर्तमानपत्र वाचतात आणि मधून मधून खोकतात. आपण जवळ आहोत हे मला कळावं म्हणून.

आणि दुखण्यापेक्षा वाईट काय, ते तुला माहीत नाही. मी त्या खोलीत गेले की सगळ्या आळीला कळतं. विहिरीवर बायका विचारत नाहीत, नुसत्या बघतात. उत्तरा बसली, म्हणजे याही महिन्यात नाही. चार वर्षं हेच चाललंय. तुझं दुखणं निदान तुझं एकटीचं आहे गं. त्यावर कुणी पंचांग मांडत नाही. तू इस्त्रीची साडी नेसून शाळेत जातेस, तिथल्या बायांबरोबर जुहूला जाऊन भेळ खातेस. हेवा करायचा तर मी करायला हवा, आणि करते.

मार्तंडभाऊजींचं होईल. ते सगळ्याच गोष्टींना वेळ लावतात. त्यांच्या आईनं मला एकच विचारलं, मुलगी निरोगी आहे ना? मी म्हटलं, तिला साधं पडसं होत नाही. आता तू शिंकू नकोस म्हणजे झालं.

तुझी,
उत्तरा

*

मुलुंड,
ता. २० सप्टेंबर १९५५

प्रिय क्षमे,

दोन महिने तुझं पत्र नाही. रागावलीस की शाळेत परीक्षा चालू आहेत? मी मात्र आता थांबू शकत नाही.

दोन महिने मी त्या खोलीत गेलेली नाही. काय ते समज. परवा सासूबाईंनी घोंगडी उन्हात वाळवली, गुंडाळली आणि माळ्यावर टाकली. शिडीवरून उतरल्यावर माझ्या गालावरून हात फिरवला. ह्यांनी दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना अंजीर आणले.

आत्ताच माझ्या निऱ्या नीट बसेनाशा झाल्यात. इतक्या लवकर दिसतंय म्हणजे मुलगाच, असं सासूबाई म्हणतात. स्वयंपाकघरात, देवघरात, विहिरीवर, महिनाभर अखंड हिंडते. तुझ्यासारखी.

तुझी,
उत्तरा

*

अंधेरी,
ता. २९ सप्टेंबर १९५५

प्रिय उत्तरे,

अभिनंदन. हा शब्द मी चारदा लिहून चारदा खोडला. हा पाचवा, आणि हा ठेवतेय.

खोटं बोलून तुझ्याशी निभत नाही म्हणून सांगते, तुझं पत्र वाचून मी वहिनींशी भांडले. कारण विचारशील तर डाळीत मीठ कमी होतं. आधी पाटल्या, मग नवरा, मग खोली, आता बाळ. खोली तुला नकोशी झाली तरी तिला कुलूप लागलं, माझ्या वाट्याला ती येत नाहीच. मी मात्र अजून नद्यांची नावं म्हणवून घेते आहे.

तिसऱ्या महिन्यात माहेरच्या माणसानं गुपचूप हिरवी चोळी द्यायची असते ना, चोरचोळी? मावशी आता नाही, म्हणजे ते काम माझ्याकडे आलं. दादरला जाऊन खण घेतला आहे. चांगला आहे. इतका चांगला घ्यायची गरज नव्हती.

मार्तंडाच्या आईचं पत्र आलं. पत्रिका मागितली आहे. दादानं त्याच दिवशी पाठवली.

क्षमा

*

मुलुंड,
ता. २४ ऑक्टोबर १९५५

प्रिय क्षमे,

हे फक्त तुला. वाचून झालं की चुलीत घाल.

मला दोनदा डाग पडले. एकदा गणपतीनंतर आणि एकदा गेल्या आठवड्यात. थोडेसेच. मी बसले नाही. कुणाला सांगितलंच नाही. घोंगडी माळ्यावरून परत काढायला मी सासूबाईंना कशी सांगू? त्या आता माझ्याशी बोलताना हसतात. मी तशीच देवाला फुलं वाहिली, लोणच्याच्या बरणीत हात घातला. रोज बरणीचं झाकण काढून बघते, बुरशी आलीय का. अजून आलेली नाही.

दुसरं म्हणजे उजवीकडे फार दुखतं. कधी कधी आतून पीळ घातल्यासारखं, मग ओकारी. उजव्या कुशीवर झोपताच येत नाही. बाळ सगळं त्याच बाजूला जाऊन बसलंय, हाताला टणक लागतं. सगळे म्हणतात, तिसऱ्यात पाचव्याचं पोट दिसतंय. सासूबाई म्हणतात दुखायचंच, बाईचा जन्म आहे. तुला काय वाटतं? तुला कुठला अनुभव म्हणा, पण तू वाचतेस खूप.

आणि माझा खण कुठे आहे? टपालात हरवला का?

उत्तरा

*

अंधेरी,
ता. २८ ऑक्टोबर १९५५

उत्तरे,

लगेच डॉक्टरला दाखव. सुईणीला नको, वैद्याला नको, हॉस्पिटलात जा. ते बाळ नसेलही. मला हे कसं ठाऊक ते विचारू नकोस. विद्याधररावांना आजच सांग.

क्षमा

*

मुलुंड,
ता. २ नोव्हेंबर १९५५

क्षमा,

ते बाळ नसेलही, असं लिहिताना तुझी लेखणी कुठे अडली नाही? तुझं अक्षर तर नेहमीसारखंच सुरेख आहे.

तुला माझी खोली हवी होती, पाटल्या हव्या होत्या, हे सगळं मी थट्टेवारी नेलं. आता माझ्या पोटातलंही तुला बघवत नाही. खण आणलास, तो पाठवला नाहीस. तेव्हाच मी समजायला हवं होतं. तुझ्या पोटात दुखतंय, क्षमा, दुसरं काही नाही. आणि ह्या दुखण्यावर सोड्याची बाटली चालत नाही.

पुन्हा पत्र पाठवू नकोस. माझ्यावर कुणाची दृष्ट नको आहे.

उत्तरा

*

अंधेरी,
ता. ४ नोव्हेंबर १९५५

उत्तरे,

फाडण्याआधी वाच. मग खुशाल फाड.

तू लिहिलंस ते खरं आहे. माझ्या पोटात दुखतं. तुझा खण महिनाभर माझ्या ट्रंकेत आहे. तीनदा कागदात गुंडाळला, तीनदा सोडला, पोस्टात न्यायला पाय निघेना. आमच्या वर्गातल्या एका पोरीची आई वर्सोव्याहून शाळेत येते, तिला आठवा लागलाय, तिच्याशीसुद्धा मी धड बोलले नाही. आणि आणखी एक सांगते. तुझं डागांचं पत्र वाचताना 'हे बाळ नाही' असं मनात आलं, तेव्हा मला आधी बरं वाटलं. मग भीती वाटली. हाच क्रम होता, मी तो बदलून लिहीत नाही. आता तुला माझ्याबद्दल काय म्हणायचं ते म्हण.

पण हेवा करणाऱ्या माणसाला दिसतं ते सगळं खोटंच असतं असं नाही. तुझ्याकडे माझं जेवढं बारीक लक्ष आहे तेवढं तुझ्यावर जीव टाकणाऱ्यांचंही नाही. ते तुझं पोट बघून खूश झाले. मी इथे अंधेरीत बसून तुझी एकेक ओळ तपासत होते, तुला माझ्याहून जास्त काय मिळतंय म्हणून.

आता जे कुणालाच सांगितलेलं नाही ते. ऑगस्टमध्ये मी अर्धी रजा काढून पार्ल्याला रुक्मिणीबाई डॉक्टरांकडे गेले होते. तुला दोन महिने पत्र नव्हतं ते म्हणून. माझ्या डाव्या बाजूच्या अंडाशयाला गाठ आहे. पाण्यानं भरलेल्या पिशवीसारखी असते, त्या म्हणाल्या. माझी लिंबाएवढी आहे. सध्या हात लावायला नको, पण तीन महिन्यांनी दाखव. आणि त्यांनी मला चार गोष्टी बजावल्या: पाळी चुकली आणि नुसते डाग पडले, पोट वाढलं, एका बाजूला टणक लागलं, पीळ पडल्यासारखं दुखून ओकारी आली, तर एक दिवस थांबायचं नाही. उत्तरे, तू लपवलेले ते दोन वेळचे डाग, तुझी ती उजवी कूस, सगळं ओळीनं तेच आहे. मला अनुभव कुठला, असं तू विचारलं होतंस. हा आहे.

दादाला हे माहीत नाही. मार्तंडाकडे कळलं तर पोटात गाठ असलेली मुलगी कोण करून घेईल? आणि तू तर त्यांना सांगून बसलीस की मला पडसंही होत नाही. म्हणजे हे पत्र तुझ्या हातात पडलं की माझं लग्न तुझ्या हातात आलं. तरी लिहिते आहे. आता तरी माझ्यावर विश्वास ठेव आणि जा.

बाळ असेल तर मी स्वतः मुलुंडला येईन, खण तुझ्या मांडीवर ठेवीन आणि ठेवताना जळेन. तू बघत बस आणि मजा घे. पण आधी जा.

क्षमा

*

अंधेरी,
ता. २५ नोव्हेंबर १९५५

उत्तरा,

आज माझी पत्रिका परत आली. जुळत नाही म्हणे. दोन महिने जुळत होती.

दादानं खोदून विचारलं, मी सांगून टाकलं. वहिनी म्हणाल्या, "बाई गं," आणि त्या दिवशी कणीक स्वतः मळली. दुसऱ्या दिवशी परत मला हाक आली.

मी तुझ्या जिवासाठी लिहिलं आणि तू ते पत्र त्यांना दाखवलंस. डॉक्टरकडे गेलीस का, एवढं तरी कळव. नाहीतर कळवू नकोस.

क्षमा

*

मुलुंड,
ता. ३ डिसेंबर १९५५

प्रिय क्षमे,

बसून लिहायची परवानगी परवा मिळाली, म्हणून उशीर. अक्षर वाकडं आहे, लावून घे.

तुझं पत्र मी दाखवलं. का दाखवलं तेही सांगते, तू खरं लिहिलंस तर मीही लिहीन. तुझं लग्न मोडावं असं मला त्या दिवशी वाटत होतं. सासूबाईंच्या हातात पत्र दिलं आणि म्हटलं, "बघा माझी बहीण. स्वतःच्या पोटात गाठ आहे म्हणून मला पण गाठ चिकटवते." त्या चष्मा लावून वाचायला बसल्या. मी समोर उभी. आता तुझ्याबद्दल काय काय बोलतील याची वाट बघत होते.

त्या दुसऱ्या पानावर थांबल्या. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "दोनदा डाग पडले होते?"

क्षमे, रागाच्या भरात मी विसरूनच गेले होते की ती ओळ त्या पत्रात आहे. तुझं पितळ उघडं पाडायला गेले आणि माझंच पडलं. विटाळात देव, विटाळात लोणचं, सगळं त्यांच्यासमोर. वाटलं, आता मला माहेरी धाडतील, आणि माहेर तर राहिलेलंच नाही.

त्यांनी पत्राची घडी घातली. म्हणाल्या, "माझी थोरली जाऊ अशीच गेली. नऊ झाले, दहा झाले, आम्ही पाळणा बांधून बसलो होतो. चप्पल घाल." यांची वाटही पाहिली नाही. मला घेऊन हॉस्पिटलात गेल्या, आयुष्यात पहिल्यांदा.

तिथे पोटाचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, बाळाचं एकही हाड यात नाही. दिवाळीतच ऑपरेशन झालं. नारळाएवढी गाठ निघाली. देठाला पीळ पडायला लागला होता, आणखी थोडं थांबलो असतो तर आत फुटली असती. उजवी बाजू काढून टाकली. डावी चांगली आहे, म्हणाले. पुढे मूल होऊ शकतं. हे त्यांनी यांना सांगितलं, यांनी मला सांगितलं, आणि मग हे खिडकीपाशी जाऊन खूप वेळ खोकत उभे राहिले.

मी रडले ते नारळाएवढ्या गाठीसाठी. तिच्याशी मी तीन महिने बोलत होते. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगता येत नाही.

मार्तंडभाऊजींच्या आईला सासूबाईंनीच लिहिलं. "माझी सख्खी बहीण आहे ती, तिच्यापासून लपवून कसं चालेल," म्हणाल्या. मी खाटेवर होते, पण मला बोलता येत होतं. मी नको म्हणाले नाही. तुला माझ्याबद्दल काय म्हणायचं ते म्हण.

उत्तरा

*

अंधेरी,
ता. १२ डिसेंबर १९५५

उत्तरे,

तू वाचलीस, बरं झालं. मार्तंड गेला, वाईट झालं. दोन्ही एकाच पत्रात लिहायची पाळी तू माझ्यावर आणलीस, आणि आठ दिवस झाले तरी मला रागही धड येत नाही, आनंदही धड होत नाही. अशी अर्धवट माझी मी मलाच आवडत नाही.

मार्तंडाबद्दल दोन दिवस रडले. माणूस म्हणून नव्हे, मी त्याला ओळखतही नव्हते. दोन बश्या पोहे खाताना त्यानं एकदा वर बघून "तुम्ही केलेत का?" असं विचारलं होतं, तेवढ्यावर मी सहा महिने काढले. तू नको म्हणाली असतीस तरी तुझ्या सासूबाईंनी लिहिलंच असतं, हे मला कळतं. तरी तू नको म्हणायला हवं होतंस.

रुक्मिणीबाईंनी परवा पाहिलं. माझी गाठ तेवढीच आहे, वाढलेली नाही. कळा मात्र आहेत तशाच. म्हणजे तुझी नारळाएवढी होती ती गेली आणि माझी लिंबाएवढी आहे ती राहिली. इथेही तू पुढे.

तू त्या गाठीशी काय बोलायचीस, ते मला कधीतरी सांग. पत्रात नको.

क्षमा

*

मुलुंड,
ता. ८ जानेवारी १९५६

प्रिय क्षमे,

ही ओळ मी मागच्या खोलीतून लिहिते आहे. घोंगडी माळ्यावरून खाली आली. ऑपरेशननंतरची ही पहिलीच वेळ, आणि आज दुसरा दिवस आहे. क्षमे, दुखत नाही. म्हणजे कंबर जरा धरते, पण पदर तोंडात घालावा लागत नाही. आज इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी खरोखर शेवगा बघितला. तू म्हणत होतीस तशी ही खोली वाईट नाही. जळ आता.

सासूबाई दारात येऊन बसतात. काठी आणत नाहीत, बाटली हातानं ठेवतात आणि मग आंघोळ करतात. काल मी धीर करून विचारलं, लोणच्याचं काय? म्हणाल्या, "लोणचं तर चांगलंच आहे गं." मग म्हणाल्या, "ती अंधेरीची, तिची केव्हा असते?"

मी म्हटलं, माझ्यामागून आठ-नऊ दिवसांनी.

"दोन खोल्यांत त्या पोरीला अंग कुठे टाकता येणार? इकडे ये म्हणावं. शाळेत कळव काहीतरी. तीन दिवस तिला कुणी काम सांगणार नाही." आणि आत जाता जाता, मला ऐकू जाईल न जाईल अशा बेतानं, "त्या पत्रानं माझी सून राहिली," असं म्हणाल्या. मार्तंडभाऊजींचं नाव त्यांनी काढलं नाही. पण तुझ्यासाठी दुसरी घोंगडी घेतली आहे. ती टोचत नाही. माझी अजून टोचते.

तू यायचं नाही ठरवलंस तर मला समजेल. पण ये. मी त्या वेळी बसलेली नसेन, तेव्हा ताट मीच आणून देईन. सोड्याची बाटलीही. आणि गाठीशी काय बोलायचे ते तेव्हा सांगेन.

उशी मात्र इथे एकच आहे, ती तू आण.

तुझी,
उत्तरा

*

अंधेरी,
ता. १२ जानेवारी १९५६

प्रिय उत्तरे,

या खेपेला कार्डच. पोस्टमनला वाचू दे, विद्याधररावांना वाचू दे, आळीलाही वाचून दाखव. सतराच्या सुमारास माझी पाळी येते. माझ्या पोटात फार दुखतं, म्हणून सोळाला संध्याकाळी तीन दिवसांसाठी मुलुंडला येते आहे. मुख्याध्यापिकाबाईंना दिलेल्या अर्जात हेच कारण लिहिलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि सही केली.

तुझं दुखायचं थांबलं याचा मला आनंद झाला. हेवाही वाटला. या खेपेला आनंद आधी आला, एवढं नोंदवून ठेव.

बिनटोचणारी घोंगडी माझी, हे ठरलेलं आहे. उशी आणते. तुझा हिरवा खण ट्रंकेत नुसता पडला होता, त्याची उशीला खोळ शिवली आहे. परत जाताना उशी तुझ्याकडे राहील. खोळ उसवून चोळी शिवायची वेळ तुझ्यावर लवकर यावी. मी तेव्हाही जळेन, पण शिवून मीच देईन.

क्षमा